टोळी निघण्याआधी
दिवाळीच्या सुमारास बीडमधल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचलही दोघांची; त्यामुळे ओल्या बाळंतिणीलाही घरी थांबणं अवघड. तान्हं बाळ आजीजवळ ठेवायचंच ठरलं, तर डब्याच्या दुधाची सवय दोन-तीन आठवडे आधीपासून लावावी. दूध आजीनंच पाजावं. आईचा वास आला की बाळ अंगावरचंच मागतं. भुकेनं रडू फुटण्याआधी, मांडीवर जरा उभट धरून, उकळून घेतलेल्या वाटी-चमच्यानं घोट-घोट द्यावं. तोंड फिरवलं तर थांबावं, बळजबरीनं ओतू नये. उकळलेलं पाणी ७० अंशांखाली उतरण्याआधी पावडर मिसळावी, कोमट झाल्यावर पाजावं, उरलेलं दोन तासांनंतर फेकावं. डबा पुरवायला दूध पातळ करणं फार घातक: पोट भरल्यासारखं वाटतं आणि बाळ सुकत जातं. १९९२च्या कायद्यानं या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे, ती योग्यच. पण गरजेपोटी डबा उघडणाऱ्या आजीला तो कसा वापरायचा हे सांगणारं कुणीतरी हवंच, आणि ते काम टोळी निघण्याआधी आशाताईंकडूनच नीट होईल. बाळाला सोबत नेणाऱ्या आईला मात्र फडात पाजायला सावली आणि वेळ मुकादमानं द्यायलाच हवा.