सामना शनिवारचा, वाद वर्षभराचा

मोठ्या सामन्याच्या आठवड्यात तुम्ही अमेरिकेतल्या कोलंबस शहरात, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात चक्कर मारलीत तर एक गंमत दिसेल. इमारतींच्या नावांत, पाट्यांवर जिथं जिथं इंग्रजी 'एम' हे अक्षर आहे, तिथं त्यावर लाल फुली मारलेली असते. कारण 'एम' म्हणजे मिशिगन. आणि मिशिगनचं नावसुद्धा त्या आठवड्यात घ्यायचं नसतं. 'ती वरच्या अंगाची टीम' एवढंच म्हणायचं.

शनिवारी, 29 नोव्हेंबर 2025 ला, ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचे संघ अॅन आर्बरच्या मैदानावर भिडले. तिथं भर दुपारचे बारा, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. खेळ आहे अमेरिकन फुटबॉल. म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचा तो. मैदानाची क्षमता आहे 1 लाख 7 हजार 601. आपलं वानखेडे त्यात तीनदा मावेल. आणि हे सगळं कॉलेजच्या मॅचसाठी!

दोन्ही विद्यापीठांत मराठी मुलंमुली शिकतात. तुमचा एखादा मित्र किंवा मावसबहीण तिकडं एमएस करत असेल, तर त्या आठवड्यात तिच्या स्टेटसवर काय चालतं ते बघा. प्रश्न एकच आहे, 'या वेळी कोण जिंकणार?' पण त्यावरचा वाद नीट ऐकला, तर त्यात बरंच काही दडलेलं सापडतं.

भांडण आलं कुठून?

सीमाप्रश्नावरून दोन राज्यांचे संबंध किती ताणले जातात, हे मराठी माणसाला सांगायला नको. मिशिगन आणि ओहायो यांचंही तसंच होतं. 1835-36 मध्ये टोलेडो शहराच्या आसपासच्या पट्ट्यावरून दोघांनी चक्क आपापली सशस्त्र पथकं उभी केली होती. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचा मोठा भूभाग मिळाला. दोन्ही विद्यापीठांचा पहिला सामना 1897 चा. म्हणजे जमिनीचं भांडण मिटलं आणि साठेक वर्षांनी मैदानावरचं सुरू झालं, ते अजून चालूच आहे.

दोन बाजू, दोन युक्तिवाद

आता 2025 च्या सामन्याआधीचा हिशोब. ओहायो स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर होतं. 11 सामने, 11 विजय. आधीच्या मोसमाचा राष्ट्रीय विजेताही तोच. देशात सर्वांत कमी गुण देणारा बचाव त्यांच्याकडे होता. क्वार्टरबॅक जुलियन सेयिनचे दहापैकी जवळपास आठ पास बरोबर पोचत होते. मिशिगननं 9 जिंकले, 2 हरले. त्यांचा क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवूड 18 वर्षांचा होता, कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला. गुणी, पण दहापैकी सहाच पास लागत होते.

त्यामुळं ओहायोचा चाहता म्हणतो, 'कागदावर बघा ना, सामना एकतर्फी आहे.' त्यावर मिशिगनवाला शांतपणे म्हणतो, 'कागद गेल्या वर्षीही होता.'

आणि इथं ओहायोवाला गप्प होतो. कारण 30 नोव्हेंबर 2024. ओहायो दुसऱ्या क्रमांकावर, सामना घरच्या मैदानावर. मिशिगन त्या मोसमात पाच सामने हरलेला, पहिल्या पंचविसातही नाही. ओहायो साधारण 20 गुणांनी जिंकेल असा अंदाज होता. निकाल लागला मिशिगन 13, ओहायो 10. सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलरचा दंड झाला.

तेव्हापासून मिशिगनच्या चाहत्यांचं पालुपद ठरलंय, 'या सामन्यात फॉर्म-बिर्म काही चालत नाही.' भारत-पाकिस्तान सामन्याच्या आधी आपणही हेच म्हणतो. पेठेच्या तालमींचे संघ समोरासमोर आले की कोल्हापुरातही हेच ऐकू येतं. पण हे खरं आहे का?

फॉर्म चालतो, बरं का

निकालांची यादी काढून बघितली की चित्र वेगळं दिसतं. 2001 ते 2019 या एकोणीस वर्षांत मिशिगन फक्त दोनदा जिंकलं, 2003 आणि 2011 मध्ये. 2012 पासून तर ओहायो सलग आठ वेळा जिंकलं. तेव्हाही चुरस होती, द्वेष होता, लाख-लाख प्रेक्षक होते. तरी जो संघ चांगला होता तोच बहुतेक वेळा जिंकत राहिला.

मग 2021 पासूनचे मिशिगनचे सलग चार विजय? त्यातले पहिले तीन नीट बघा. त्या तिन्ही वर्षी मिशिगन देशातल्या पहिल्या चार संघांत पोचलं होतं आणि 2023 मध्ये तर 15 पैकी 15 सामने जिंकून राष्ट्रीय विजेतं झालं होतं. ओहायोचे चाहते म्हणतात की मिशिगननं त्या काळात प्रतिस्पर्ध्यांच्या खाणाखुणा चोरल्या. हे प्रकरण खरं आहे. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएनं ऑगस्ट 2025 मध्ये त्यासाठी मिशिगनला जबर दंड ठोठावला, पण विजय मात्र रद्द केले नाहीत. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ते मिशिगन दुबळं नव्हतं. पूर्ण उलटफेर म्हणावा असा सामना चारातला एकच, 2024 चा.

आणि तोही चमत्कार नव्हता. मिशिगनच्या बचावफळीच्या मध्यभागी त्यांचे सर्वांत दणकट खेळाडू होते आणि ओहायोनं पुन्हा पुन्हा तिथंच डोकं आपटलं. शिवाय दोन किक चुकल्या, म्हणजे सहा गुण गेले. सामना हरले तीन गुणांनी. हिशोब सोपा आहे.

मग सामन्याआधी माझा अंदाज काय होता? 2025 मध्येही ओहायोचंच पारडं जड होतं. त्याआधीच्या सामन्यात जेरेमाया स्मिथ आणि कार्नेल टेट हे त्यांचे दोन्ही मुख्य रिसीव्हर खेळले नव्हते. ते परतले तर मिशिगनला अवघड जाणार होतं. मिशिगनला जिंकायचं असेल तर 2024 सारखा चेंडू स्वतःकडे ठेवून धावत, वेळ खात, कमी गुणांचा सामना करावा लागणार होता. अंडरवूडला मागून पाठलाग करायची वेळ आली तर सामना तिथंच संपणार होता.

हरलं तरी चालतं?

पूर्वी हा सामना हरलात की बहुतेक वेळा मोसम संपलाच. राष्ट्रीय विजेतेपदासाठी चारच संघ निवडले जायचे, त्यामुळं शेवटच्या आठवड्यातला पराभव परवडायचा नाही. 2021 आणि 2023 मध्ये ओहायोचं तेच झालं. 2024 पासून मात्र बारा संघांची बाद फेरी सुरू झाली. त्यामुळं ओहायो मिशिगनकडून हरलं, तरी बाद फेरीत गेलं, टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि नोत्र दाम असे चार संघ ओळीनं हरवले आणि 20 जानेवारी 2025 ला विजेतं झालं. ज्या कोच रायन डे यांना हाकला म्हणून आरडाओरडा चालला होता, त्यांच्याच हातात सात आठवड्यांनी करंडक होता.

झालं ना सगळं गोड? नाही. कारण चाहत्यांचा हिशोब निराळा आहे. 2025 चा मोसम सुरू होण्यापूर्वी डे यांनी कोच म्हणून 80 सामने खेळवले होते. हरले फक्त 10. पण त्या दहातले चार मिशिगनविरुद्धचे. तोवर मिशिगनविरुद्ध त्यांचा विजय एकच होता, 2019 चा. राष्ट्रीय करंडक जिंकलेल्या माणसाला तेव्हाही पहिला प्रश्न तोच विचारला जायचा, 'मिशिगनला कधी हरवणार?'

मला हा या वादातला सगळ्यात महत्त्वाचा धागा वाटतो. रायव्हलरी फॉर्म पुसून टाकत नाही, यश कशाला म्हणायचं ते बदलते. करंडक देशाला दाखवायला असतो. शेजाऱ्याला हरवल्याचं समाधान मात्र ऑफिसात, लग्नात, सासरी-माहेरी वर्षभर पुरतं. त्या दोन राज्यांत अशी घरं आहेत जिथं नवरा एका विद्यापीठाचा आणि बायको दुसऱ्याची!

टॅटू ते कोट्यवधी

आता दुसरी बाजू. 2010 चा सामना ओहायोनं 37-7 असा जिंकला होता. अधिकृत नोंदीत तो विजय नाही, रद्द झालाय. का? तर काही खेळाडूंनी आपल्या जर्सी, पदकं वगैरे देऊन त्या बदल्यात पैसे आणि टॅटू घेतले होते. तेव्हा कॉलेज खेळाडूला खेळाच्या नावावर एक पैसा कमवायची मुभा नव्हती.

आज? जुलै 2021 पासून खेळाडू आपल्या नावावर जाहिराती करू शकतात. आणि जून 2025 मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ 180 कोटी रुपये. ही रक्कम सगळ्या खेळांत मिळून वाटायची, पण मोठा वाटा फुटबॉलचा. अंडरवूडला मिळणाऱ्या पैशांचे आकडे अमेरिकन माध्यमांनी चवीनं छापले आहेत.

खेळाडूंना त्यांचा हक्क मिळाला, हे चांगलंच झालं. लाखभर लोक तिकीट काढून ज्यांना बघायला येतात, त्यांच्या हाती काहीच नाही, हा अन्याय होता. पण त्यामुळं चाहत्याची भाषा बदलली. आधी 'अरे, पोरगा आहे, शिकेल' म्हणणारा काका आता म्हणतो, 'एवढे पैसे घेतोस, मग खेळ की!'

वादाला भाव लागला की...

आणि त्यात भर पडली सट्ट्याची. ओहायोत 1 जानेवारी 2023 पासून खेळांवरचं बेटिंग कायदेशीर झालं. मिशिगनमध्ये ऑनलाइन बेटिंग त्याच्याही दोन वर्षं आधीपासून आहे. त्यामुळं 'कोण जिंकणार' हा प्रश्न 'किती गुणांनी जिंकणार' असा झाला. ओहायोवर दहा गुणांच्या फरकाचा डाव लावला असेल, तर सात गुणांनी जिंकलेला आपलाच संघ तुमचे पैसे बुडवतो. आपल्या टीमच्या विजयावर चिडणारा चाहता ही त्यातूनच तयार झालेली नवी जमात आहे.

हा राग निघतो कुणावर? ओहायोत सट्टा सुरू झाला त्याच महिन्यात डेटन विद्यापीठाच्या बास्केटबॉल कोचनी पत्रकारांसमोर सांगितलं की आपल्या खेळाडूंना पैसे हरलेल्या लोकांकडून घाणेरडे मेसेज येतायत. पुढं एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनीच मागणी केली आणि 2024 मध्ये ओहायोनं एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवर डाव लावायला बंदी घातली. संघावर लावा, पोरावर नको.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आहे ना. आपल्याकडं ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला आणि फँटसी अॅप्सना पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. त्याआधीची आयपीएल आठवा. कट्ट्यावर किती जण आपली टीम जिंकावी म्हणून मॅच बघत होते आणि किती जण आपला 'कॅप्टन' चालावा म्हणून? एखाद्यानं कॅच सोडला की शिव्या संघप्रेमातून येत होत्या की बुडालेल्या 49 रुपयांतून? बंदी हेच उत्तर आहे का, यावर मतभेद असू शकतात. ओहायोनं मधला रस्ता काढला, आपण टोकाचा. पण दुखणं दोन्हीकडं तेच आहे.

म्हणून या सामन्यासाठी रात्री जागणार असाल तर जरूर जागा. वाद घाला, चहाची पैज लावा, आकडे फेका. डे यांनी कुठली चाल खेळायला हवी होती, मिशिगननं चौथ्या प्रयत्नाला किक का मारली, यावर पहाटेपर्यंत भांडा. चाहत्याचा तो हक्कच आहे. फक्त एखाद्याचा पास हुकला, किक चुकली आणि बोटं त्याच्या प्रोफाइलकडं वळली, तर एवढंच लक्षात ठेवा, की तो कदाचित अठरा वर्षांचा आहे आणि त्याचे मेसेज तोच वाचतो.