आपल्या कामाचा पिक्चर आपणच काढू या

मालवणात उतरलेला पाहुणा हल्ली बॅग ठेवायच्या आधी मोबाइल काढतो. किल्ला, तारकर्लीची वाळू, पाण्याखालचे रंगीत मासे, थाळीतली तळलेली सुरमई, सगळं टिपून होतं. आपली मुलंही तेच टिपतात. या सगळ्यात आपण बायका कुठे असतो? असलोच तर थाळी पुढे करणारा हात म्हणून. ती सुरमई पहाटेच्या लिलावात बोली लावून कुणी घेतली, डोक्यावरून कुणी आणली, किती तास उन्हात बसून विकली, हे कुणी दाखवत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ते आपणच दाखवायला हवं. दोन-अडीच तासांचा सिनेमा नको, पाच-दहा मिनिटांची छोटी फिल्म पुरे.

बाजारात ओळखीच्या मासेवालीकडे हा विषय काढला तर ती हसायलाच लागली. "माजो कसलो पिक्चर? मी काय हिरॉईन आसंय?" आपल्यातल्या बहुतेकींचं उत्तर हेच असेल. रोजच्या कामात बघण्यासारखं काय आहे, असं आपल्यालाच वाटत असतं.

पण चाळीसेक वर्षांपूर्वी काहीजणींना तसं वाटलं नाही. १९८० मध्ये बंगळूरला दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरामन नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी 'युगांतर' नावाचा गट सुरू केला. पुण्यातल्या घरकामगार बायका तेव्हा संघटित होत होत्या. त्यांना बरोबर घेऊन १९८१ मध्ये या गटाने 'मोलकरीण' ही फिल्म केली. पुढच्याच वर्षी ते गेले निपाणीला. फोंडाघाट चढून राधानगरीवरून जाणारा आपला देवगड-निपाणी रस्ता जिथे पोचतो, तेच हे निपाणी. तिथल्या तंबाखू कामगार बायकांवर 'तंबाखू चाकीला ऊब आली' ही पंचवीसेक मिनिटांची फिल्म तयार झाली.

मला यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? ही मंडळी गेली आणि कॅमेरा लावून मोकळी झाली, असं झालं नाही. चार महिने त्या बायकांमध्ये वावरली. त्यांचं काम, मजुरी, युनियन, सगळं ऐकून घेतलं. काय दाखवायचं ते त्यांच्याशी बोलून ठरलं. म्हणून त्या फिल्ममधल्या बायका बिचाऱ्या दिसत नाहीत, त्या बोलतात.

दुसरं उदाहरण सुमित्रा भावे यांचं. त्या मूळच्या समाजकार्य आणि संशोधन क्षेत्रातल्या, सिनेमाचं शिक्षण नव्हतं. ज्या बायकांवर आपण अहवाल लिहितो, त्यांनाच तो वाचता येत नाही, हे त्यांना खटकलं. मग अहवालाऐवजी फिल्म करू, म्हणून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट झाला. चाळिशी उलटल्यावरची ही सुरुवात! त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर केलेल्या 'कासव'ला तर सुवर्णकमळ मिळालं. २०२१ मध्ये सुमित्राताई गेल्या, पण 'आता या वयात काय शिकायचं' म्हणणाऱ्या प्रत्येकीला त्यांची ही सुरुवात माहीत असायला हवी.

त्या काळी फिल्मची रिळं महाग, ती धुवायला लॅबला पाठवायची, काय टिपलं गेलंय ते दिसायलाही थांबावं लागायचं. आज आपल्या कमरेच्या पिशवीत मोबाइल आहे. मग टिपायला काय कमी आहे? रापण ओढून झाल्यावर मासळी निवडणाऱ्या बायका, पावसाच्या बेगमीला सुकत घातलेला गोलमा, काजूच्या कारखान्यात तेलाने काळी पडलेली बोटं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्यांची गोष्ट त्यांनीच सांगितली तर?

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. कारखान्यातली बाई कॅमेऱ्यासमोर मजुरीबद्दल बोलली, तर दुसऱ्या दिवशी मालक तिला घरी बसवू शकतो. घरातही "लोकांना कशाला दाखवलंस?" म्हणून बोलणी बसतात. आपली फिल्म होते आणि रोजी तिची जाते, असं होता कामा नये. म्हणून आधी विचारायचं. चेहरा नको म्हणाली तर फक्त हात टिपायचे, आवाज ठेवायचा. तयार झाल्यावर सगळ्यात आधी तिलाच दाखवायची आणि ती 'काढ' म्हणाली तो भाग काढायचा. नवऱ्याने किंवा मालकाने नव्हे, तिने ठरवायचं.

बाकी तंत्र फार अवघड नाही. मोबाइल आडवा धरायचा, हात स्थिर ठेवायचा. किनाऱ्यावर वाऱ्याने बोलणं ऐकू येत नाही, म्हणून गप्पा पडवीत बसून टिपायच्या. सकाळचं ऊन सगळ्यात चांगलं. आणि आपण कमी बोलायचं.

आणखी एक. 'युगांतर'च्या या फिल्म्स अलीकडे जर्मनीत, बर्लिनच्या 'आर्सेनल' संस्थेत, दुरुस्त होऊन नव्याने बघायला मिळू लागल्या. पुण्या-निपाणीच्या बायकांचा आवाज सातासमुद्रापार जपला गेला, याचा आनंद आहेच. पण आपला आवाज आपल्या घरीही जपायला हवा. मोबाइल बिघडला की सगळं जातं, म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.

दाखवायची कुठे? थिएटर कशाला हवं? बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, एखादीच्या खळ्यात भिंतीवर पांढरी चादर लावून. बघून झाल्यावर चहा पिताना बायका बोलायला लागतील, तेव्हा मजुरीचा, लिलावातल्या जागेचा, बाजारात नसलेल्या शौचालयाचा विषय आपोआप निघेल. तेवढ्यासाठी तरी गटाच्या पुढच्या बैठकीत ही गोष्ट काढून बघा. आणि पहिल्या फिल्मसाठी प्रश्न एवढाच विचारा, "बाय, आज किती वाजल्यापासून बसलंस?"