आजी पास, आम्ही नापास



गेल्या महिन्यात कोपरखैरण्याला आमच्या शेजारची मुलगी एक कागद आणि घड्याळ घेऊन घरोघर फिरत होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिचा मानसशास्त्र विषय आहे. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी कामगार. कागदावर ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने, ‘निळा’ पिवळ्या शाईने, असे वीस शब्द लिहिलेले होते. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग तेवढा सांगायचा. त्यात काय कठीण, असे मला वाटले. पण चौथ्या शब्दालाच जीभ अडखळली आणि हिरव्याला मी ‘लाल’ म्हणून गेले.

तिच्या आजीने मात्र एकही चूक न करता भराभर सगळे रंग सांगितले. आजी शाळेत गेलेली नाही. तिला शाई दिसते, शब्द दिसत नाही. आपल्याला अक्षर दिसले की मन ते वाचतेच. थांब म्हटले तरी थांबत नाही. जे. आर. स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. लक्ष, स्मरण, भाषा, विचार यांचा असा अभ्यास म्हणजे बोधनिक मानसशास्त्र. याच गोष्टी मेंदूत कशा घडतात, ते चेताविज्ञान शोधते.

आजी हसून म्हणाली, “म्हंजी म्या शिकले न्हाई त्ये बरंच झालं की!” सगळे हसले. मला मात्र ते बोलणे टोचत राहिले. शाळेचा उंबरठा तिने स्वतःहून टाळला नव्हता.

फ्रान्सचे स्तानिस्लास देआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील व पोर्तुगालमधील ६३ प्रौढांचे मेंदू तपासले. काही निरक्षर, काही लहानपणी शिकलेले, तर काही मोठेपणी अक्षरे गिरवलेले. वाचायला शिकल्याने मेंदूचे काम बदलते, आणि मोठेपणी शिकलेल्यांतही हा बदल बराचसा दिसतो, असे त्यांना आढळले. ‘आता या वयात काय शिकणार’ या बोलण्याला हे उत्तर आहे.

मुलीच्या वडिलांचा प्रश्न वेगळा. “रंग सांगून नोकरी लागती का?” प्रश्न रास्त आहे. नुसत्या बी.ए.वर या क्षेत्रात फारसे काही मिळत नाही, हे आधीच समजून घ्यावे. पुढे मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात मानसशास्त्राचे एम.ए. आहे. अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून बोधविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. गांधीनगरच्या आयआयटीत या विषयाचे एम.एस्सी. आहे आणि तिथे कला शाखेच्या पदवीधरालाही अर्ज करता येतो. चेताविज्ञानाकडे जायचे, तर अकरावीपासून विज्ञान शाखा घेतलेली बरी. आणि आपल्या खाडीपुलापलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुले विज्ञान आणि गणित कशी शिकतात, यावर तिथे पीएच.डी. करता येते.

एक सावधगिरीची सूचना. एम.ए. झाले म्हणजे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि परिषदेची नोंदणी लागते. खासगी संस्थांच्या जाहिराती पाहून फी भरण्यापूर्वी ही मान्यता विचारा. उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, म्हणजे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज ऐनवेळी अडत नाही.

आपल्या वस्तीत एखाद्याचे मन बिघडले की अजूनही आधी देवऋषी आठवतो. तिथे ‘हा आजार आहे, यावर उपचार आहे’ असे आपल्या बोलीत सांगणारी मुलगी हवी की नको? घरात अशी मुलगी असेल, तर तिला हिणवू नका.

शेजारच्या आजीला नातीने पाटी आणून दिली आहे. आजी ‘ल’ गिरवते आहे. पुढच्या वर्षी रंगांच्या परीक्षेत ती अडखळली, तर पेढे मी वाटीन.