अपवर्तन : शब्द आणि अर्थ

प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरका शिरताना आपली दिशा बदलतो. या एकाच घटनेला मराठीत तीन नावे आहेत. वडीलधाऱ्या पिढीच्या तोंडी ‘वक्रीभवन’ आहे, वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात ‘प्रणमन’ आढळते, आणि आज दहावीच्या पाठ्यपुस्तकात ‘अपवर्तन’ आहे. अकरावीत विज्ञान शाखेकडे वळलेल्या विद्यार्थ्याला चौथा शब्द भेटतो : ‘रिफ्रॅक्शन’. खेड्यापाड्यांतून आलेली आमची मुले येथेच बिचकतात. जुनेच ज्ञान नव्या वेषात आले आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

यांतील श्रेष्ठ शब्द कोणता? ‘वक्रीभवन’ चटकन कळतो, पण थोडा फसवतो. पाण्यात शिरलेला किरण वाकडा होत नाही. तो सीमेवर वळतो आणि पुढे सरळच जातो. मात्र वैशाखात तापलेल्या डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसते, तेव्हा कमीअधिक तापलेल्या हवेच्या थरांतून किरण खरोखरच वक्र मार्गाने येतो. ‘प्रणमन’ आणि ‘प्रणाम’ यांचा धातू एकच, ‘नम्’. शब्द सुंदर, पण शाळेत अपरिचित. ‘अपवर्तन’ म्हणजे मूळ दिशेपासून वळणे. आमच्या मते तोच वर्गात ठेवावा. इतर दोन शब्दांची ओळख मात्र अवश्य करून द्यावी.

तरीही कोणतेच नाव कारण सांगत नाही. प्रकाशाचा वेग निर्वातात सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर असतो, पाण्यात तो सुमारे सव्वादोन लाखांवर येतो. वेगातील हा बदल हेच खरे कारण. पृष्ठभागावर लंबरूप पडणारा किरण वळत नाही, तरी त्याचाही वेग घटतोच. केवळ व्याख्या घोकलेला विद्यार्थी या प्रश्नावर अडखळतो.

‘मिलिंदप्रश्न’ ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला रथाच्या दृष्टान्ताने समजावतात, की नाव हा केवळ व्यवहाराचा संकेत आहे. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे याच प्रश्नकर्त्या राजाचे नाव मिळाले. प्रश्न विचारण्याचा तो वारसा आमच्या वर्गांतही चालला पाहिजे.

त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. परभणी जिल्ह्यात ऊस आहे, आणि उसाच्या रसातील साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर अपवर्तनावरच चालतो. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33; शेकडा 20 साखर असलेल्या द्रावणाचा सुमारे 1.36. एवढ्याशा फरकावरून रसाची गोडी कळते. कृषी विद्यापीठाच्या या जिल्ह्यातील मुलांनी ते उपकरण एकदा तरी डोळ्याला लावून पाहावे.

दुसरा उपयोग जिवाशी निगडित आहे. विहिरीतील 12 फूट पाणी काठावरून सरळ खाली पाहता सुमारे 9 फूटच भासते. तिरके पाहिल्यास आणखी उथळ. पोहू न शकणारे मूल ‘तळ तर दिसतोय’ म्हणून उतरते आणि घात होतो. म्हणून पोहणे शिकवण्याआधी शिक्षकांनी दोरीला दगड बांधून मुलांकडूनच खोली मोजून घ्यावी, आणि दिसलेली व मोजलेली खोली शेजारी शेजारी लिहायला लावावी. अपवर्तनाचा अर्थ त्या दोन आकड्यांतील अंतरात आहे. तो ज्याला उमगला, त्याला उद्या ‘रिफ्रॅक्शन’ या शब्दाचे भय वाटणार नाही.