नावे की जमा?

‘नकुसा’ हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेही नसेल. ज्यांनी ऐकले आहे त्यांनी ते सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या नात्यागोत्यात ऐकले असेल. बाजारात मुलामुलींच्या नावांच्या पुस्तिका मिळतात. त्यांत ‘न’च्या पानावर नंदिनी, नलिनी, नम्रता असतात, नकुसा नसते. कारण हे नाव कुणी हौसेने निवडतच नाही. दोन मुलींनंतर तिसरी, तिसरीनंतर चौथी झाली की ते तिला येऊन चिकटते. ‘नकोसा’चे बोलीतले रूप नकुसा, कुठे नकोशी, कुठे नकुसाबाई. विशेषनामाला अर्थ असलाच पाहिजे असे नाही, हे आपण शाळेत शिकलो. इथे मात्र अर्थ आधी आला आणि मुलगी मागून.

‘नको’ हा शब्द आपला इतका घरचा की हैदराबादच्या दखनीतही तो ‘नक्को’ होऊन सुखाने नांदतो आहे. चहा नको, उपकार नको, आणि त्याच दमात मुलगी नको.

यावर एक उत्तर ठरलेले असते. “अहो, दगडू, केरबा ही नावे नाहीत का? कन्नडमध्ये तिप्पण्णा नाही का? ‘तिप्पे’ म्हणजे उकिरडा. मग मुलींच्याच नावाचे एवढे काय?” हे उत्तर मला पटत नाही. मुले जगत नसली की पुढच्या मुलाला दगड म्हणायचे, केर म्हणायचे, म्हणजे मृत्यूला वाटावे की ही वस्तू नेण्यासारखी नाही. तिथे वाईट नावाच्या आड माया दडलेली आहे. दगडूचे नाव काळाला फसवण्यासाठी ठेवलेले असते. नकुसाच्या नावात फसवणूक नाही. ‘ही पुरे, आता मुलगा दे’ असा तो देवाला धाडलेला निरोप आहे, आणि तो पोहोचवण्याचे काम त्या पोरीने जन्मभर करायचे. दगडू मोठा झाला की आई अभिमानाने सांगते, “नवसाचा आहे.” नकुसाच्या आईने काय सांगावे?

माझ्या आजोळी, चंदगडकडे, एक नकुसा आजी होत्या. लहानपणी त्यांना हाक मारताना मला कधी काही खटकले नाही, कारण रोजच्या वापरात नावाचा अर्थ झिजून जातो. कॉलेजात आल्यावर एका कन्नड मैत्रिणीने त्या नावाचा अर्थ विचारला. मी सहज म्हटले, “बेड.” म्हणजे नको. ती गप्प झाली आणि मीही. मराठीत जे वर्षानुवर्षे ऐकू आले नव्हते ते कन्नडमध्ये एका शब्दात ऐकू आले. मग ती म्हणाली, “आमच्याकडे साकव्वा असते की.”

‘साकु’ म्हणजे पुरे. पण गंमत अशी की कन्नडमध्ये ‘साकु’चा दुसरा अर्थ सांभाळणे, वाढवणे असाही आहे, ‘साकुमगळु’ म्हणजे सांभाळलेली, मानलेली मुलगी. बेंगळूरुला कॉफीपूड विकून मोठा व्यवसाय उभारणाऱ्या साकम्मांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले होते. आम्हा वाणिज्यवाल्यांना तरी हे नाव ठाऊक असावे. साकव्वाला निदान दुसऱ्या अर्थाची पळवाट आहे. नकुसाला तीही नाही.

हे केवळ आपल्या दोन भाषांचे दुखणे नव्हे. राजस्थानात धापू, हरियाणात भतेरी, म्हणजे पुन्हा पोट भरले, पुष्कळ झाले. हिसारकडच्या एका घरात चौथ्या मुलीचे नाव ‘अंतिम’ ठेवले. ती अंतिम पंघाल २०२२ साली वीस वर्षांखालील कुस्तीत जगज्जेती झाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय मुलगी, आणि २०२३ साली तिने तो पुन्हा मिळवला. नाव तिने तेच ठेवले आहे.

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ नकुसांची नावे एका समारंभात बदलली गेली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. काम चांगलेच झाले, त्यावर नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु त्यानंतर ‘हे नाव आता नाहीसे होत आहे’ असे जे समाधानाने म्हटले जाते, त्यात मला सहभागी होता येत नाही. दर हजार मुलांमागे मुली किती, हे जनगणना सांगते. सहा वर्षांपर्यंतच्या वयात महाराष्ट्रात हा आकडा १९९१ साली ९४६ होता, २००१ साली ९१३ झाला आणि २०११ साली ८९४. कर्नाटकात तो त्याच वर्षांत ९६०, ९४६ आणि ९४८. गर्भलिंगतपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाने १९९४ साली. तरीही हे घडले. आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. पूर्वी चौथी मुलगी जन्माला येई आणि तिला नकुसा म्हणत. पुढे यंत्र आले. नाव ठेवण्याची वेळच येऊ दिली गेली नाही. नाव दुर्मीळ झाले त्याला हेही एक कारण आहे. नकुसा आजींना निदान पाळणा तरी मिळाला होता.

आमच्या खतावणीत डावी बाजू ‘नावे’ आणि उजवी ‘जमा’. मुलगी जन्मली की घरचे तिला नावे बाजूला मांडतात : लग्नाचा खर्च, हुंडा, परक्याचे धन. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देण्याचा कायदा कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने १९९४ सालीच केला, साऱ्या देशासाठी तो २००५ साली झाला. पण हक्कसोडपत्रावर सही करताना तिच्याकडून जो मोठेपणा अपेक्षित असतो तो भावाकडून कुणी मागत नाही. घरात कुणी नकुसा नसली तरी ही नोंद तशीच राहते. मुलीचे नाव अगदी ऐश्वर्या असले तरीही.

नाव बदलावे का, हा प्रश्न मी त्या मुलीवर सोडते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नाव मागाहून भरता येते. तेव्हा घाईने काहीतरी चिकटवण्याचे कारणच नाही. पण एकदा नाव शाळेच्या रजिस्टरात चढले की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, दाखला, आधार, बँक असे हेलपाटे सुरू होतात, आणि प्रत्येक खिडकीवर “का बदलता?” हा प्रश्न. अशी एखादी मुलगी उद्या कुठल्याही कॉलेजच्या कचेरीत अर्ज घेऊन आली, तर अर्जातले कारण मोठ्याने वाचू नये आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी हसू नये, एवढे तरी आजपासून करता येईल. त्याला ना कायदा लागतो, ना समारंभ.