ऊसवाहतुकीचा विमा : ब्रोकर की थेट?

हंगामाआधी ट्रॅक्टरचा विमा ब्रोकरमार्फत काढावा की थेट कंपनीकडून, असे रिसोड-मालेगावकडचे बागायतदार आम्हांस विचारतात. एजंट हा कंपनीचा माणूस. ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा, पण त्याचे कमिशन कंपनीच देते, हे ध्यानात असू द्या. ट्रॅक्टर एकच अन् ऊस घरचाच, तर थेट काढा. उगा मध्यस्थ कशाला? भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढत असाल तर मात्र गोष्ट निराळी. शेतीकामापुरता काढलेला विमा तिथं अडू शकतो, ट्रॉलीचीही पॉलिसीत नोंद लागते. हे आधीच विचारणारा परवानाधारक ब्रोकर आमच्या मते बरा. थेट म्हणजे कागद आपणच हलवायचे. शेतकरी अपघात योजनेतून शासनाने २०२३ साली विमा कंपनीच काढली. मृत्यू झाल्यास २ लाखांचे अनुदान शासनच देते, पण वारसांचा अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पोचला पाहिजे.