निधी उन्हाळ्याचा, देखभाल बारमाही

कलाकेंद्रासाठी उन्हाळी मेळावा भरवून निधी जमविणे स्तुत्यच. प्रश्न आहे तो त्याच्या विनियोगाचा. दुरुस्तीपायी संत एकनाथ रंगमंदिर दीर्घकाळ बंद राहिले, तो काळ छत्रपती संभाजीनगरचे रसिक विसरलेले नाहीत. 1980 च्या दशकात श्रीराम लागू, निळू फुले प्रभृतींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. अत्र्यांचे 1936 चे हे विनोदी नाटक. पण त्याच्या उत्पन्नाच्या व्याजातून सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देण्याची सोय झाली. येथेही मेळाव्याचा पैसा रंगरंगोटीत आणि सत्कारांत (शाली-श्रीफळे निराळीच!) न उडविता मुद्दल अबाधित ठेवावे. व्याजातून तबलजीचे मानधन भागावे, पंख्यांची दुरुस्ती व्हावी आणि वर्षाचा हिशेब केंद्राच्या दर्शनी फलकावर लागावा.